थोरल्या बाईंचा पेंग्विन

थोरल्या बाईंना बरोबर उत्तराचा कंटाळा येत असे. मुलाने अचूक उत्तर दिले, की त्या ‘बरं’ म्हणून पुढे सरकत. उत्तर चुकले मात्र, की त्या मुलासमोर मांडी घालून बसत, चष्मा कपाळावर चढवत आणि विचारत, “हे तुला कसं सुचलं, ते सांग.” त्या आवाजात उपरोधाचा अंशही नसे. त्यामुळे पहिली-दुसरीची मुले त्यांच्यासमोर निर्धास्तपणे चुकत आणि आपल्या चुकीची बाजूही तितक्याच निर्धास्तपणे मांडत.

नेवाशाजवळच्या एका द्विशिक्षकी शाळेत त्यांची बहुतेक नोकरी झाली होती. त्यांचे वडील आणि आजोबा मिशनच्या शाळांत मास्तर होते. शिकवणे त्यांच्या घरात शेतीसारखे चालत आले होते. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करून एका संस्थेमार्फत मी वर्षभरासाठी तेथे विज्ञानाचे उपक्रम घ्यायला गेले, तेव्हा गावाने आमची परस्पर वाटणी करून टाकली: त्या थोरल्या बाई, मी धाकट्या बाई. वर्गात त्या मला ‘अहो’ म्हणत; वर्गाची पायरी उतरली, की ‘अगं पोरी’. मुलांसमोर कोणतीही बाई लहान दिसता कामा नये, हा त्यांचा नियम होता आणि तो त्यांनी एकदाही मोडला नाही.

माझा पहिला मोठा पाठ पेंग्विनवर होता. एक पालक फाटकाशीच मला अडवून म्हणाले, “धाकट्या बाई, पेंग्विन कशापायी? आमच्या पोरांना शेरडं राखायचीत.” मी अभ्यासक्रमाची उद्दिष्टे सांगू लागले. थोरल्या बाईंनी मला थांबवले. “शेरडू तुमच्या पोराला येतंय हो, माझ्यापेक्षा चांगलं येतंय. पण वर्गात डॉक्टरची पोरगी हाय, तिला येत न्हाई. पेंग्विन कुणाच्याच बापानं पाहिला न्हाई, तिथं समदी पोरं एका रांगेत.” इतके नेमके समर्थन माझ्या एकाही टिपणात नव्हते.

आम्ही कागदावर मेणाचे खडू घासून त्यावर पाण्याचे थेंब सोडले आणि पेंग्विनची पिसे भिजत का नाहीत ते पाहिले. चिंध्यांचे चेंडू पायांवर ठेवून मुले पटांगणभर फेंगडी चालली. हात लावला की अंडे गोठले, असा नियम. सर्वांत मोठ्या जातीच्या पेंग्विनमध्ये नरच अंडे सांभाळतो, असे मी सांगितल्यावर खिडकीशी उभे असलेले एक आजोबा म्हणाले, “बाप अंडं धरून उभा, अन् आई कुठं गेली मग? बाजाराला?”

“व्हय,” थोरल्या बाई म्हणाल्या, “मासे आणायला. दोन महिन्यांनी येती.”

आजोबा बराच वेळ त्या बापाच्या बाजूने हळहळत राहिले.

जानेवारीत आमच्याच शाळेत भरणाऱ्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत हा पाठ मुलांना घेऊन इतर शिक्षकांसमोर सादर करायचा होता. केंद्रप्रमुखांना तो पसंत पडला, तर केंद्रातील सर्व शाळांत जाणार होता. मला तो पसंत पडायलाच हवा होता. पुण्यातील एका संशोधन संस्थेत विज्ञानशिक्षणाची जागा निघाली होती आणि शाळांनी स्वीकारलेला एक पाठ अर्जासोबत जोडायचा होता. मी चाळीस मिनिटांचे मिनिटागणिक नियोजन केले.

पाठाचा कळस म्हणजे डालड्याचा मोजा. एका पिशवीत डालडा, त्यात दुसरी पिशवी, तिच्यात हात, आणि मग तो हात बर्फाच्या पाण्यात. स्टँडवरच्या रसवंतीतून बर्फ आणला होता. दुसरीतल्या सविताने एक हात मोज्यातून आणि एक तसाच पाण्यात घातला. उघडा हात तिने लगेच काढला; मोज्यातला आरामात ठेवला. “का बरं गार लागत नाही?” मी विचारले. अपेक्षित उत्तर होते: चरबी उष्णता बाहेर जाऊ देत नाही.

“डालडा गरम असतो म्हणून,” सविता म्हणाली. “आई म्हणती, तूप थंड, डालडा गरम. लई खाल्ला की तोंड येतं.”

“पेंग्विन मग बाजरी खात आसंल,” शेजारच्या मुलाने पुस्ती जोडली. “बाजरी बी गरम.”

शिक्षक हसले. मी घड्याळ पाहिले आणि खुलासा करायला तोंड उघडले.

“धाकट्या बाई, थांबा,” मागून थोरल्या बाई म्हणाल्या.

केंद्रप्रमुख वळले. “बाई, उत्तर द्या आणि पुढं चला. वेळ कमी आहे.”

“साहेब, उत्तर आलंय. चुकीचं आलंय, पण पोरीनं घरून आणलंय. आपण नुसतं सांगितलं, तर ती हो म्हणेल आणि घरी जाऊन पुन्हा आईचंच खरं धरेल.” मग त्या सविताकडे वळल्या. “डालडा गरम आहे ना? मग त्यात कुणाचाच हात नसला तरी तो गरमच राहील. ठेवू या?”

हात नसलेला मोजा बर्फात ठेवला गेला. मी प्रयोगशाळेत सहा वर्षे काढली होती. ज्या घटकाला कारण मानतो तो एकटा ठेवून पाहावा, हे मला मुखोद्गत होते आणि त्या क्षणी सुचले नव्हते. अर्धा तास गेला. शिक्षक चहाला उठले. मोज्यात बोट घातल्यावर सविताचा चेहरा पडला. “गार पडलाय.” मग तिने स्वतःचाच तळवा गालाला लावून पाहिला. “म्हंजी मघाशी माझाच हात गरम हुता. डालड्यानं त्यो गार हू दिला न्हाई.”

हे ऐकायला केंद्रप्रमुख वर्गात नव्हते. “वेळेत बसत नाही,” असा शेरा देऊन त्यांनी पाठ पुढच्या परिषदेवर ढकलला. त्या दिवशी पायरी उतरल्यावर मी थोरल्या बाईंना म्हणाले, “माझा अर्ज गेला तुमच्यामुळे.” त्यांनी वाद घातला नाही. “अर्जाची तारीख कधी?” एवढेच विचारले. पुढच्या परिषदेनंतर चार दिवसांनी होती. “मग पाठ नीट लिही. घाई काप, पोर कापू नको.”

मी दोन दिवस रुसले आणि तिसऱ्या दिवशी पाठ दोन तासिकांचा केला. दुसऱ्या परिषदेच्या दिवशी त्यांनी चक्क रजा टाकली. “मी असले की तू माझ्याकडं बघतेस. पोरांकडं बघ.” पाठ मंजूर झाला, सर्व शाळांसाठी. पुढे ती जागाही मला मिळाली आणि आजही मी तेच काम करते. थोरल्या बाई मात्र निवृत्तीनंतर फार जगल्या नाहीत. गेल्या हिवाळ्यात त्या गेल्या.

मंजुरीच्या दिवशी शाळा सुटताच मी बातमी सांगायला त्यांच्या घरी धावले. त्या अंगणात तांदूळ निवडत होत्या. मी तोंड उघडण्याआधीच त्यांनी विचारले, “आज नवीन काय निघालं?” मी सांगितले, की एका मुलाच्या मते अंड्याला बापाची गरजच नसते, आतले पिल्लूच अंडे गरम ठेवते.

त्यांनी सूप बाजूला सारले. “आणि तू काय केलंस?”

“उद्या बघू, म्हणाले. कसं बघायचं, ते कळलं नाही.”

कोपऱ्यातल्या टोपलीखाली त्यांची कोंबडी अंडी उबवायला खुडूक बसली होती. त्यांनी अंगणातला एक गुळगुळीत गोटा उचलला, पदराने पुसला आणि टोची खात तिच्या पोटाखाली सरकवला. आम्ही दोघींनी मिळून तांदूळ निवडून संपवले. मग त्यांनी गोटा काढून माझ्या तळहातावर ठेवला. तो उबदार होता.

“यात कुठलं गं पिल्लू?” त्या म्हणाल्या.

आम्ही हसत राहिलो. पाठ मंजूर झाल्याचे त्यांना दुसऱ्या दिवशी केंद्रप्रमुखांकडून कळले.