अर्थ विचारणारी मावशी

माझ्या परंदवडीच्या मावशीला इंग्रजी येत नव्हतं, पण इंग्रजी शब्द मात्र ती ढिगानं जुळवायची. शाळा सातवीपर्यंत, त्यात एबीसीडी तेवढी पक्की. मोबाइलवर एक खेळ होता. विस्कटलेली चार-पाच अक्षरं यायची, त्यांवरून बोट फिरवून शब्द करायचा. हाती किल्ल्यांचा जुडगा असावा तशी ती अक्षरं पुढेमागे करून बघायची. शब्द बरोबर आला की फोन टुणकन वाजायचा. अर्थ मात्र खेळ सांगत नसे. त्यासाठी मी होते.

खेळ मीच लावून दिला होता. मुलगा-सून कंपनीत गेले की ती घरात एकटी. करमेना म्हणून मला तळेगावला बँकेत फोन करायची. खेळात रमेल, फोन कमी होतील, असा माझा हिशेब. झालं उलटंच.

"ए-टी-ई जुळलं बग. काय गं त्ये?"

"खाल्लं."

"आन् ई-ए-टी?"

"खा."

"टी-ई-ए?"

"चहा, मावशी."

"अगं बाय! म्हंजी समदा संसार तीन अक्षरांत उरकला की!"

एकदा काउंटरवर ही रांग आणि हिचं ए-डब्ल्यू-ई. मी दबक्या आवाजात म्हणाले, "कुणाबद्दल लई आदर वाटतो आणि धाकही वाटतो ना, ते."

ती म्हणाली, "सासरा म्हन की सरळ." समोरच्या गिऱ्हाइकाला कळेना, मी का हसतेय.

घेतलेला अर्थ त्याच दिवशी वापरायचा, हा तिचा नेम. "अर्थ घेतला आन् वापरला न्हाई, तर ताटात अन्न टाकल्यावानी व्हतं." म्हणून एन-ए-पी जुळल्यापासून तांदूळ निवडायला आलेल्या शेजारणीला ती सांगायची, "बस वाईच, मी न्याप घिऊन येते." शेजारीण बिचारी वाट बघत बसायची, ही आत आडवी.

पुढे साहेबांनी मला तिच्या या फोनांवरून टोकलं. त्या रविवारी मी परंदवडीला गेले, तिच्या शेजारी बसले आणि फोनला तोंडानं विचारलं की अर्थ मराठीत कसा ऐकू येतो ते शिकवलं. लाडीगोडीनं शिकवलं, न कंटाळता, पुन्हा पुन्हा. माझ्यामागची ब्याद टळावी म्हणून एवढी माया आली होती, हे तिला काय ठाऊक! निघताना तिनं माझ्या पिशवीत इंद्रायणी तांदूळ भरला आणि दारातूनच शेजारणीला हाक मारली, "माजी भाची बग, येवडी बँकेतली, पन माज्यासाटी दिवस मोडून आली!" मला मान वर करवेना.

फोन बंद झाले. पहिल्या आठवड्यात मला हायसं वाटलं, हे लपवत नाही. मग जेवणाच्या सुट्टीत हात आपोआप मोबाइलकडे जायला लागला. तिची काही तक्रार नव्हती. लग्नाकार्यात भेटली की कौतुकानं सांगायची, "ती फोनातली बाई लय गुणाची. कवाबी इचारा, करवादत न्हाई." मी कधी करवादले होते का, हे विचारायचा मला धीर झाला नाही. करवादलेच असणार.

मावशी जाऊन आता वर्ष होत आलं. ती जायच्या महिनाभर आधी, न राहवून मीच फोन लावला.

"बोल गं, काय काम व्हतं?"

काम काहीच नव्हतं. सुचेल ते बोलले, "मावशी, एच-यू-ई जुळवलं तर काय गं होतं?"

"तुला ठावं न्हाई?" तिला मनापासून नवल वाटलं. मग समजुतीच्या सुरात म्हणाली, "आसू दे, व्हतं आसं. थांब, तिला इचारून सांगते." फोन ठेवला.

मी जागेवरून उठले नाही. थोड्या वेळानं तिचा फोन आला. "रंगाची छटा, आसं म्हनती ती. ठिवते गं. तू कामात आसशील."

"नाही गं मावशी, मी मोकळीच आहे," मी म्हणाले, तोवर तिनं फोन ठेवलाही होता.