चादरीवरचा निकाल

माझे सासरे बूट तपासत नसत, बुटांची अब्रू काढत. त्यांची हयात एका बुटांच्या दुकानात गिऱ्हाइकांच्या पायाशी बसून गेली. लोक ऑनलाइन बूट घ्यायला लागले आणि दुकान बंद पडलं. मग तेच लोक खोकी घेऊन आमच्या दारात यायला लागले, बाबांचा निकाल ऐकायला. बाबांना याहून मोठं सुख नव्हतं.

बाहेरच्या खोलीत चादर अंथरायची, तीही मी नुकती धुतलेली. सोलला डाग पडला तर कंपनी बूट परत घेत नाही, म्हणून चालायचं ते चादरीवरच. बाबा आधी दरडावायचे, "आतला कागद, ती ओल शोषणारी दाण्यांची पुडी काढलीत का?" मग बूट वाकवायचे. चवड्यापाशी वाकला तर ठीक, मधोमध मोडला तर संपलंच. चामडं हुंगून म्हणायचे, "कुठल्याही जनावराचा याच्याशी संबंध नाही!" शेवटी माणसाला उभं करून अंगठ्याने बुटाचं टोक दाबायचे. "मला काय विचारता? पायाला विचारा." आणि बहुतेकदा निकाल एकच असायचा, "परत!"

वरच्या मजल्यावरचा कारकून मुलाखतीसाठी बूट घेऊन आला, तर त्याच्या बायकोसमोर म्हणाले, "या पायांना बूट नाही, होडी मागवा." बायको खो खो हसली. कारकून खोकं काखेत मारून निघून गेला.

माझ्या नवऱ्यालाही सोडलं नाही. बहिणीच्या लग्नासाठी त्याने हौसेने काळे बूट मागवले होते. "टाच सुटतेय. चालतोस का बदकासारखा पोहतोस? परत!" केस पांढरे व्हायला लागलेला माणूस, निमूट खाली बसून नाड्या सोडायला लागला. मला इतका संताप आला की चादर त्यांच्या पायाखालून ओढावीशी वाटली.

त्याच सुमारास मी बाबांना डॉक्टरकडे नेलं होतं. साखरेचं दुखणं जुनं होतं. डॉक्टरांनी त्यांना डोळे मिटायला सांगितलं आणि तळपायाला बारीक दोरा टेकवत विचारलं, "लागतंय?" बाबा ठोकून देत होते, "हो. हो. आता लागलं." दोरा तेव्हा डॉक्टरांच्या हातात, पायापासून वीतभर लांब होता. दोन्ही पाय बधिर झाले होते. डॉक्टरांनी बजावलं, रुंद, मऊ बूट घाला, रोज तळपाय बघा, जखम झाली तर पाय जाईल. जिन्यात बाबांनी माझा दंड धरला. "घराबाहेर एक शब्द काढलास तर बघ. पाय बधिर असलेल्याला कोण बूट दाखवेल?"

आणि लग्नासाठी स्वतःला बूट मागवले. तपकिरी, निमुळते, आरशासारखे चकचकीत. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पायांत असले बूट चढवले, आता मुलीच्या लग्नात दारात उभं राहून ते मिरवायचे होते. मी म्हटलं, "बाबा, डॉक्टर काय म्हणाले?"

"सूनबाई, बूट मला शिकवणार तू?" चादरीवर दोन फेऱ्या मारल्या. "वा! कुठे म्हणून टोचत नाही."

टोचणार कसं? पण मी गप्प बसले, कारण त्या "परत!"पुढे नवराही गप्प बसला होता.

लग्नात ते दिवसभर दारात उभे होते. येईल त्याच्यासमोर पँट जरा वर उचलायचे. नवरा ऑफिसचे जुने बूट पॉलिश करून मागे उभा. घरी आल्यावर मी त्यांचा डावा मोजा ओढला, तर तो निघेना. रक्ताने चिकटला होता. बुटाच्या टोकात ती पुडी होती, फाटलेली. तिचे दाणे मोजा फाडून अंगठ्याच्या मांसात रुतले होते. साऱ्या जगाला पुडी काढायला सांगणारा हा माणूस दिवसभर तिच्यावर उभा होता.

"हे कधी झालं?" असं त्यांनी मलाच विचारलं.

जखम चिघळली, काळी पडली. आधी बोटं कापली, मग घोट्यापासून पाय. इस्पितळात कारकून फळं घेऊन भेटायला आला. खुर्चीवर टेकून अगदी काळजीच्या सुरात म्हणाला, "पण बूट बसले होते ना नीट?" बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मला हसू आलं, आणि त्या हसण्याची अजून किळस येते.

घरी आणल्यावर त्यांनी एक दिवस उजवा बूट मागितला. "एक तरी वापरात येऊ दे. चादर घाल."

मी चादर अंथरली, खाली बसले, बूट चढवला. त्यांच्यासारखंच अंगठ्याने टोक दाबून पाहिलं. त्यांचं बोट चामड्याला पार भिडलं होतं. जागा अशी नव्हतीच.

"परत," मी म्हटलं.

आता शिव्या ऐकाव्या लागणार म्हणून मी थांबले. त्यांनी खाली आपल्या पायाकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "खरंच टेकतंय का गं?"