हिरवं झाकण

भागवून न्यावं तर काकूंनीच. वीस वर्षं शाळेच्या खानावळीत त्यांनी चाळीस पोरांच्या स्वयंपाकात साठ पोरं जेवू घातली होती. घरात कडी मोडली की दोरी, बटण तुटलं की टाचणी. सून कुरकुरली की म्हणायच्या, "अगं, तात्पुरतं गं!" ते तात्पुरतं मग दहा-दहा वर्षं चालायचं.

आता काकू, पर्यटकांच्या बस थांबतात त्या चौकातल्या हॉटेलात कामाला होत्या. तळलेलं काही नाही, सगळं तब्येतीला चांगलं. गिऱ्हाइकानं काचेवर बोट ठेवायचं, काकूंनी वाडग्यात भरायचं: भात, पानं, मोडाची कडधान्यं, भाज्या आणि शेवटी सॉस. "पैसे मोजून पाला खातात, बाई!" असं त्या पहिल्या दिवशी म्हणाल्या होत्या. पण काम चोख. सॉस दोन, दिसायला अगदी एकसारखे. हिरव्या झाकणाच्या बाटलीत तिळाचा, लाल झाकणाच्या बाटलीत शेंगदाण्याचा.

त्या दुपारी तीन बस एकदम आल्या. रांग दाराबाहेर गेली. रांगेतली एक बाई काचेवर वाकून म्हणाली, "हिला दाणे अजिबात चालत नाहीत हं. घसा सुजतो, श्वास बंद होतो." शेजारी सात-आठ वर्षांची मुलगी उभी होती. काकूंनी हात धुतले, नवे हातमोजे चढवले, नवा चमचा घेतला, वाडगा भरला आणि हिरव्या झाकणाच्या बाटलीतला सॉस छोट्या डबीत भरून दिला. मायलेकी बाहेर पडल्या.

थोड्या वेळानं गल्ल्यावरची मुलगी म्हणाली, "काकू, दाण्याचा सॉस संपला का? लाल झाकण दिसत नाही."

काकूंची नजर बाटल्यांवर गेली. सकाळी लाल झाकण तडकलं होतं, आणि त्यांनीच जुनं हिरवं झाकण त्या बाटलीला बसवलं होतं. तात्पुरतं! पुढ्यात हिरव्या झाकणाच्या दोन बाटल्या उभ्या होत्या. मघाशी वापरलेली हाताशीच होती, तिच्यातला थेंब त्यांनी जिभेवर ठेवला. दाणेच.

एप्रन न काढताच त्या धावत सुटल्या. गर्दी म्हणजे नुसती जत्रा, सगळ्यांच्या डोक्यावर सहलीची तीच पांढरी टोपी, सगळ्यांच्या हातात तोच वाडगा. कुणाला विचारणार? गुडघा बोंबलत होता. 'अरे देवा, माझं काय व्हायचं ते होऊ दे, पण त्या लेकराला काही नको,' एवढंच डोक्यात घुमत होतं. कुणीतरी खोकलं तरी त्या गर्रकन वळायच्या.

कारंज्याच्या पायऱ्यांवर त्या दोघी दिसल्या. वाडगा अर्धा संपला होता. मुलगी डबीचं झाकण उघडायला नखानं झटत होती. काकूंनी डबी हिसकावूनच घेतली.

"अहो, हे काय!" आई उठली.

काकूंना धाप लागली होती. "लावलास का गं तोंडाला?"

"उघडतच नाही," मुलगी वैतागून म्हणाली.

काकू पायरीवर बसल्या. चुकून दुसऱ्याची डबी आली म्हटलं असतं तर भागलं असतं. जन्मभर भागवलं तसंच. पण पोरीचे सॉससाठी आसुसलेले डोळे समोर होते. त्यांनी झाकणाचं सगळं सांगून टाकलं.

आईनं पर्समधून ॲलर्जीचं इंजेक्शन काढून मुठीत धरलं. मुलीची जीभ, ओठ, गळा पुन्हा पुन्हा पाहिला. शेवटी म्हणाली, "सात वर्षांत आज पहिल्यांदा हिला बाहेरचं खाऊ दिलं. तुम्हाला हात धुताना पाहिलं म्हणून."

काकूंनी डबी एप्रनच्या खिशात टाकली.

"आई, उद्या पण इथंच यायचं ना?" मुलीनं विचारलं. आईनं तिच्या हातातला अर्धा वाडगा काढून घेतला आणि काकूंच्या हातात दिला.