बाबांच्या नावापुढची खूण

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. आमच्याकडे लिंबू-मिरची फक्त जेवणात असते. बाबांनी बावीस वर्षं मखमलाबाद ते पंचवटी कारंजा शेअर रिक्षा चालवली, पण तिलाही कधी टांगली नाही. तरी लिहितेय, कारण... हे आता मनात ठेववत नाही.

मागच्या वर्षी त्याच रस्त्यावर एका कंपनीने विनाड्रायव्हर शेअर गाडीची चाचणी ठरवली. सहा सीटची, ठरलेल्या स्टॉपवरच थांबणारी. लोक तिच्यात बसतील का, हा सर्व्हे माझ्याकडे होता. पहिला फॉर्म घरातच भरायला घेतला.

"बाबा, बसाल का?"

"शेवंताबाईसाठी थांबंल का ती?"

शेवंताबाई म्हणजे मळ्यातून झेंडूची पाटी घेऊन बाजारात जाणारी म्हातारी. गुडघे धरलेले, त्यामुळे रोजचा उशीर. बाबा मळ्याच्या वाटेशी रिक्षा उभी करायचे आणि पॅसेंजर कुरकुरले की म्हणायचे, "आली आली, दोन मिनिटं!"

"तिथे स्टॉप नाहीये. पुढच्या स्टॉपपर्यंत चालेल की ती."

"मग मी नाय बसायचो. लिही तसं. आन् खाली लिही, मळ्याच्या वाटेवर थांबा पाहिजे."

मला हसू आलं. सर्व्हेवालीच्या घरातूनच नकार, हे साहेबांना कोणत्या तोंडाने दाखवू? मी 'बसेन'वर खूण केली, सूचनांची जागा कोरी ठेवली आणि फॉर्म पाठवून दिला. वर बाबांना म्हणाले, "लिहिलं हं." तीन महिन्यांनी बाबा हार्ट अटॅकने गेले.

चाचणी सुरू झाली तेव्हा टॅबलेट घेऊन गाडीत मीच बसायचे. पहिल्याच सकाळी स्क्रीनवर पाच माणसं दिसली. आम्ही होतो चौघे. पुढची डावी सीट रिकामी — आणि तिच्यावर हिरवा दिवा, म्हणजे कुणीतरी बसलंय. सेन्सरचा घोटाळा असेल म्हणून मी सोडून दिलं.

मग मळ्याच्या वाटेशी गाडी थांबली. दार उघडलं. समोर ना गाय, ना कुत्रं...

"बंद पडली का ओ मॅडम?" मागचे काका वैतागले.

तेवढ्यात वाटेवरून पाटी सांभाळत, लंगडत शेवंताबाई आली. चढताना म्हणाली, "बरं केलं माय, थांबायला सांगितलंस. तुझा बाप गेल्यापासून कोणी थांबत नाय."

मी कुणालाच काही सांगितलं नव्हतं.

इंजिनिअरांनी सेन्सर बदलला, नकाशा नव्याने भरला. त्या सीटवरचा हिरवा दिवा लागतच राहिला, गाडी थांबतच राहिली. शेवंताबाई यायची नसेल त्या दिवशी मात्र न थांबता पुढे जायची! साहेबांनी 'कारण सापडले नाही' असं लिहून विषय मिटवला. लोक मात्र खूश. मागचे ते काका आता फॉर्मवर स्वतःहून 'बसेन' लिहितात — गाडी माणसासारखी वाट बघते म्हणून.

परवा बाबांचा फॉर्म उघडून पाहिला. सूचनांची जागा कोरीच आहे आणि ती खोटी खूणही जागच्या जागी. पाठवलेला फॉर्म बदलता येत नाही. बाबा नाही म्हणाले होते. मी परस्पर त्यांना बसवलं... की थांबा मिळाला म्हणून ते आपणहून बसले? मला खरंच माहीत नाही.

मी रोज त्या सीटच्या मागेच बसते. "बाबा, चुकले मी," एवढंच म्हणायचं असतं. मनाची तयारी होईपर्यंत पंचवटी कारंजा येतो आणि हिरवा दिवा विझतो.