तोंडासमोर नको

यंत्राच्या वाटोळ्या खिडकीतून आतला जांभळा उजेड दिसतो. वायूचे कण एका काळ्या चकतीवर आदळतात, तिचे अणू उडतात आणि समोरच्या नखाएवढ्या स्फटिकावर थर धरतात. याला स्पटरिंग म्हणतात. द्रव नायट्रोजनमध्ये गार केला की या काळ्या पदार्थाचा थर विजेला अजिबात अडवत नाही. आमचा मात्र महिनाभर धरतच नव्हता. उलट स्फटिकच खरवडल्यासारखा निघायचा. माझ्या विद्यार्थिनीचा, मेघनाचा, प्रबंध त्यापायी अडला होता.

काल आमचे जुने तंत्रज्ञ सावंतकाका खिडकीत डोकावले. “स्फटिकाला चकतीच्या तोंडासमोर कशाला बसवलंय? चकतीतून ऑक्सिजनही सुसाट सुटतो. बसलेलं सगळं तोच उडवतो. जरा कडेला ठेवा.”

“कडेला फार हळू साठेल, काका,” मेघना म्हणाली.

“साठू दे की हळू. राहील तरी.”

यंत्र उघडून स्फटिक कडेला सरकवला. पुन्हा उजेड पेटला. तो स्फटिकापर्यंत पोचत होता, मारा पोचत नव्हता. बघता बघता मला माझं टेबल आठवलं. रोज सकाळी मेघना त्याच्या पलीकडे, बरोबर माझ्यासमोर बसते आणि मी विचारतो, “आला का थर?” महिन्याभरात तिची उत्तरं आखूड होत गेली. मला वाटायचं, तिच्याकडे सांगण्यासारखं काही नसेल.

आज ती काळाकुळकुळीत, आरशासारखा थर घेऊन आली आणि सवयीने समोरच्या खुर्चीकडे वळली. खुर्ची तिथे नव्हती. सकाळीच मी ती टेबलाच्या कडेला आणून ठेवली होती.