अंडेवाल्याचा हात

रोहण्याहून येणारी एसटी रिकामी असली तरी अंडेवाला कधी बसायचा नाही. गावठी कोंबड्यांच्या अंड्यांची टोपली एका हातात लटकावून तो वर्ध्यापर्यंत उभ्यानं यायचा. "धक्का माह्या हातानं खावा, अंड्यानं नाई," म्हणायचा. मे महिन्यात टोपलीवर ओला दुपट्टा असे. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आम्ही दोघं एकाच सरांकडे संशोधन करत होतो. 'अंडेवाला' हे नाव प्रयोगशाळेनं त्याला लाडानं दिलं होतं. मला तेही खुपायचं. मला कुणी टोपणनावसुद्धा दिलं नव्हतं.

काम होतं त्याच अंड्यांमधल्या, कोंबडीच्या गर्भातल्या बीजपेशी वाढवण्याचं. कोवळ्या गर्भाच्या थेंबभर रक्तातून त्या वेचायच्या आणि डिशमध्ये, पोषक द्रवात जगवायच्या. माझ्या आठवड्याभरात मरायच्या. त्याच्या वाढतच राहायच्या, द्राक्षाच्या घोसासारख्या. तो नसताना मी त्या सूक्ष्मदर्शकाखाली बघायचो आणि मराव्यात असं मनात यायचं.

एकदा मी डिशमधला जुना द्रव ओतत होतो. त्यानं मागून हात धरला.

"काऊन बे, जित्यायले फेकून राह्यला?"

इतर पेशी तळाला चिकटून जगतात. तरंगतात त्या मेलेल्या. बीजपेशींचं उलटं असतं, त्या तरंगतच जगतात.

"तुला कोणी सांगितलं?"

"कोणी कायले सांगते? फेकाच्या आधी पाहून घेतलं."

मग आपल्या डिशमधल्या थोड्या पेशी त्यानं मला दिल्या. उपकारानं मत्सर कमी होत नाही, हे मला तेव्हा कळलं.

पुढे हैदराबादच्या एका मोठ्या प्रयोगशाळेनं त्याला बोलावलं. जागा एकच होती. आपल्या पेशी घेऊन तो गेला आणि थोड्याच दिवसांत फोन आला.

"माह्या साऱ्या मेल्या गा. तुह्याजवळ आहेत नं? नाई तं वापस याव लागते मले."

मला आनंद झाला. डिश माझ्यासमोर होती. तो परत यायला मला काहीच करावं लागणार नव्हतं, फक्त 'नाहीत' म्हणायचं होतं. मी थांबलो. मग म्हणालो, "आहेत."

पेशींची नळी कोमट पाण्याच्या थर्मासमध्ये ठेवून मी हैदराबादच्या गाडीत बसलो. प्रत्येक धक्क्याला आतलं पाणी डचमळे. शेवटी उठलो आणि थर्मास हातात लटकावून उभा राहिलो.

"भाऊ, सीट तुमचीच आहे, बसा नं," शेजारचा म्हणाला. मी बसलो नाही.

स्टेशनवर अंडेवाल्यानं थर्मास खांद्याला अडकवला आणि माझा बधिर झालेला हात चोळायला घेतला.

"उभा आला नं लेका?" तो हसला. "मले वाटलं, फोनवर नाई म्हणतं का काय तू."

म्हणजे माझं ते थांबणं त्याला ऐकू आलं होतं. तरी तो हात चोळतच होता.

पेशी जगल्या. तो तिथेच राहिला, मोठा झाला. त्याच्या पेशींचा, त्याच्या जागेचा हेवा वयाबरोबर विरून गेला. त्या चोळणाऱ्या हाताचा आजही वाटतो.