टॅपेट कव्हरवरचा हात

माझ्या मागच्या पडवीत एक पत्र्याचं कपाट आहे. आमच्या लग्नात बायकोच्या माहेरून आलेलं. त्याचं दार गंजून कुरकुरायला लागलं तेव्हा मी ते तिच्याकडून मागून घेतलं, आतून ग्लासवूलचा थर लावला, तळाशी हीटरच्या कॉइली बसवल्या आणि त्याची भट्टी केली. घरी पाहुणे आले की ती न चुकता सांगायची, "माज्या साड्यांच्या कपाटात हे आता गाडीची हाडं भाजतात." पाहुणे हसायचे. मला राग यायचा, पण बोलायला जागा नव्हती.

मुरबाडच्या एका कारखान्यात मी बावीस वर्षं पावडर कोटिंगच्या लाइनवर होतो. नोकरी सुटली तरी खोड सुटली नाही. काम सांगायला सोपं आहे. गाडीचा भाग घासून उघडा करायचा, तारेला टांगायचा, अर्थिंगची वायर लावायची आणि गनने रंगाची कोरडी पावडर उडवायची. विजेच्या ओढीने ती तांदळाच्या पिठीसारखी धातूला बसते. मग भट्टीत दोनशे डिग्रीला वीस मिनिटं. पावडर वितळून एकजीव होते आणि जुनाट लोखंड नवरीसारखं बाहेर येतं.

नियम दोनच. उघड्या धातूला बोट लावायचं नाही, कारण बोटाचं तेल भट्टीत वर येतं आणि कोटिंगला फोड धरतात. दुसरा, भट्टी पेटली की जागा सोडायची नाही आणि ती मध्ये बंदही करायची नाही. अर्धवट भाजलेला माल म्हणजे पहिल्यापासून घासणं आलं. कारखान्यात या दुसऱ्या नियमावरून मी भल्याभल्यांना झापलंय.

दोन वर्षांपूर्वी, उन्हाळा लागताना, दुपारी मी एका गिऱ्हाइकाच्या गाडीच्या चाकांचे रिम भाजत होतो. बायको पडवीच्या दारात आली. एक हात चौकटीला, एक छातीवर. म्हणाली, "अवो, जड जड वाटतंय. दवाखान्यात जाऊया का?" मी टायमरकडे बघितलं. "धा मिनटं थांब गो. एवढं निघू दे." ती पायरीवर बसली. एक शब्द बोलली नाही. दहा मिनिटांनी मी रिम काढले, हात पुसले आणि तिला आमच्या जीपमध्ये घातलं. मुरबाडला पोचलो तेव्हा ती शुद्धीवर नव्हती. संध्याकाळी गेली.

डॉक्टरांनी त्या दहा मिनिटांबद्दल काही विचारलं नाही. मीही कुणाला सांगितलं नाही, लेकीलासुद्धा नाही. एकुलती एक लेक, शहापूरला नोकरी करते.

यंदा तिने जीप मागितली. "आईची आठवण आहे, बाबा. पडून कशाला ठेवता?" मी म्हटलं, घेऊन जा, पण आधी नवी करून देतो. मला त्या जीपमध्ये त्या दिवसातलं काहीही शिल्लक ठेवायचं नव्हतं. सीट बदलल्या, पत्रा बदलला, एकेक भाग उतरवून काळ्या पावडरीत नवा केला. शेवटी राहिलं टॅपेट कव्हर, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरचं अ‍ॅल्युमिनिअमचं ओतीव झाकण. त्यावरची वर्षानुवर्षांची काजळी मी दोन दिवस घासली. थिनरने धुतलं, हातमोजे घालून टांगलं, पावडर मारली, भट्टीत ठेवलं.

भट्टी तापायला लागली आणि दाराच्या फटीतून खोबरेल तेलाचा वास आला.

आमच्या घरात दोन वर्षांत खोबरेलाची बाटली आलेली नव्हती. मला तेल लावायला डोक्यावर केस नाहीत. वास पडवीभर झाला, मग त्यात जळका धूर मिसळला आणि गेला. वीस मिनिटांनी कव्हर काढलं. बाकी सगळं आरशासारखं आणि मधोमध बारीक फोडांची रांग. उजेडात धरलं तर त्या रांगा पाच होत्या. खाली तळवा. कुणीतरी आतून हात टेकवावा तसा.

आधी मी स्वतःलाच शिव्या घातल्या. हात लागला असेल, दुसरं काय. सगळं कोटिंग खरवडून काढलं, पुन्हा धुतलं, पुन्हा मारलं. पुन्हा तो वास आणि पुन्हा तो हात, त्याच जागी. मी माझा पंजा त्यावर धरून बघितला. माझा मोठा होता. आणि त्या हाताची करंगळी बाहेरच्या बाजूला वाकलेली होती.

माझ्या बायकोची करंगळी तशी होती. लहानपणी गवत कापताना विळा लागलेला. मी कव्हर पालथं ठेवलं आणि घरात जाऊन बसलो. भर दुपारी घराला कडी घातली. हसायचं असेल तर हसा.

दुसऱ्या दिवशी पडवी झाडायला घेतली. गनची उडालेली काळी पावडर सगळीकडे बारीक बसली होती, फळीवर, बादलीवर, माझ्या चपलांवर. पायरीवर मात्र एका जागी नव्हती. बसलेल्या माणसाएवढी जागा स्वच्छ. वाऱ्याने असेल. टोकावड्याच्या बाजूने दुपारी वारा सुटतो आमच्याकडे. मी ती जागा झाडली नाही आणि त्या पायरीवर पायही ठेवला नाही, बाजूने उडी मारून ये-जा करू लागलो.

शेजारच्या चुलतीने मला उड्या मारताना बघितलं. तिला मी अर्धंच सांगितलं, हात आणि वास. ती कपाळाला पदर लावून म्हणाली, "भगताला दाखव रे. वाट बघत गेलेलं मानूस वाटच बघत ऱ्हातं." तिला त्या दुपारचं काहीच ठाऊक नव्हतं.

तिसऱ्यांदा हात उमटला तेव्हा मी घाबरण्याच्या पलीकडे गेलो आणि चिडलो. कशाला येतेस? सांग तरी काय सांगायचंय ते. तिथल्या तिथे कव्हर खरवडून काढलं. मग कारखान्यातला उपाय आठवला. जुन्या ओतीव धातूच्या छिद्रांत तेल मुरलेलं असलं की पावडर न मारता तो भाग नुसताच भट्टीत ठेवायचा, अडीचशे डिग्रीला, तासभर. आतलं सगळं जळून जातं. या खेपेला तिला पार जाळून काढायचं, असं वाक्य माझ्या मनात आलं आणि माझंच अंग शहारलं. तरी रविवारी जेवणानंतर मी भट्टी पेटवली आणि टायमर लावला.

त्या दिवशी लेक येणार होती. एसटीतून उतरून अंगणात आली आणि तिथेच थांबली. "बाबा, आईच्या तेलाचा वास कुठनं येतो?"

मला रडू फुटलं. साठीचा माणूस मी, लेकीसमोर भोकाड पसरून रडलो आणि सगळं सांगितलं. रिम, टायमर, दहा मिनिटं, तिचं न बोलता बसणं. मग मोबाइलमधला फोटो दाखवला, तिसऱ्या खेपेला काढलेला. "ती मला सोडत नाय बघ," मी म्हटलं.

लेकीने तो फोटो बोटांनी मोठा करून बघितला. तिने दहा मिनिटांबद्दल काही म्हटलं नाही. म्हणाली, "हा दसऱ्याचा हात आहे, बाबा."

"कसला दसऱ्याचा?"

"तुमी बॉनेटला हळदीचं बोट लावू द्यायचे नाय. रंग खराब होतो म्हणून वरडायचे. मग तुमी हार आणायला नाक्यावर गेले की आई बॉनेट उघडायची. खोबरेलात चिमूटभर हळद कालवायची आणि इंजिनवर हात ठेवायची. दर वर्षी त्याच जागी. मी बॉनेट धरून उभी असायची. तुमाला सांगायचं नाय, अशी शपथ घातलेली."

बायकोचं माहेर किन्हवलीकडचं. तिथे आवणी, म्हणजे भाताची लावणी, आटोपली की बैलांच्या खांद्यांना तेल-हळद चोळायचे, हे मी पाहिलं होतं. चिखलात नांगर ओढून खांदे सोलवटलेले असायचे.

"म्हणायची, वढणाऱ्याच्या खांद्याला तेल लावावं," लेक म्हणाली. "तुज्या बापाला पावसापाण्यातनं घरी आणतंय ते इंजिन."

इतक्या वर्षांचं तेल, दर दसऱ्याला लावलेलं आणि इंजिनाच्या धगीने आत मुरत गेलेलं. वर काजळी धरली, मला कधी दिसलं नाही. आणि मी ते तीनदा खरवडलं होतं, चौथ्यांदा जाळायला ठेवलं होतं.

मी टायमरकडे बघितलं. दहा मिनिटं बाकी होती. खरं सांगतो, दहाच.

मी उठून स्विच पाडला.

कव्हर निवेपर्यंत आम्ही दोघं पायरीवर बसलो, त्या स्वच्छ जागेच्या दोन बाजूंना. करडं कव्हर बाहेर काढलं तेव्हा त्यावर काहीच दिसत नव्हतं. काय उरलं ते पावडर मारल्याशिवाय कळणार नव्हतं. त्याच दुपारी मारली. या खेपेला वास आला नाही. चार बोटं गेली होती, तळवाही गेला होता. खालच्या कोपऱ्यात एक वाकडी करंगळी तेवढी उमटली, चार-पाच फोडांची. लेकीने तिच्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "आता याला हात लावू नका."

जीप शहापूरला गेली. पायरीवरून मी आता नीट उतरतो. लेकीला वाटतं माझं ओझं उतरलं, आणि भीती खरोखरच उतरली आहे. पण दुपारी पडवीत बसलो की नजर भट्टीच्या बाजूच्या भिंतीकडे जाते. काळा साधा स्विच आहे, एका बोटाने पडतो. त्या दिवशीही तो तिथेच होता.